लॉर्ड ऑफ द रिंग्ज परत बघितला, तिन्ही भाग

तीन रात्रीत पिक्चरचे तिन्ही भाग संपवले, थिएटरवाली लांबी धरली तरी नऊ तासांच्या वर जातं. सोबत बसलेल्यांत एक जण असा होता की ज्याला जादूबिदू, एल्फ, ड्वार्फ असलं काही म्हणजे काही आवडत नाही, आणि पहिला भाग संपल्यावर दुसरा आत्ताच लाव म्हणणारा तोच. तेव्हापासून डोक्यात हेच चालूय की फँटसीशी देणंघेणं नसलेल्या माणसालाही हे असं का धरून ठेवतं.

मला वाटतं सगळं त्या अंगठीत आहे. या जगाचा इतिहास, राजांच्या वंशावळ्या, भाषा वगैरे अफाट आहे पण पिक्चर कळायला एवढंच लागतं की ही अंगठी जवळ आली की माणूस बदलतो आणि ती नेऊन नष्ट करायचीय. बस. गँडाल्फसारखा जादूगार ती हातात घ्यायला घाबरतो. अंगठी न्यायला सोबत निघालेला योद्धा बोरोमिर तर वाईट माणूस नाहीच, त्याला त्याचं शहर वाचवायचंय आणि त्या चांगल्या हेतूमधूनच अंगठी त्याला पकडते. हा मोह समजायला फँटसीचा फॅन असायची गरज नाही.

दुसरं म्हणजे हे जग जुनं, वापरलेलं वाटतं. हॉबिटन, म्हणजे हॉबिट नावाच्या बुटक्या लोकांचं गाव, त्याच्या सेटवर शूटिंगच्या साधारण वर्षभर आधी भाज्या नि फुलं लावून ठेवली होती, म्हणून ते गाव खरंच कुणीतरी राहत असल्यासारखं दिसतं. चिलखतांच्या कड्या हाताने जोडलेल्या, थेओडेन राजाच्या चिलखताला आतून नक्षी, जी कॅमेऱ्यात कधीच येत नाही पण घालणाऱ्या नटाला माहीत असते ना! हॉबिट बुटके दाखवायला पण बऱ्याच ठिकाणी कॉम्प्युटर नाही, एक नट कॅमेऱ्याजवळ, दुसरा लांब, आणि कॅमेरा हलला तर टेबलाचा अर्धा भागही सोबत सरकायचा. बुटका ड्वार्फ गिमली झालेला जॉन ऱ्हिस-डेव्हिस तर प्रत्यक्षात अंगठी न्यायला निघालेल्या नऊ जणांतला सगळ्यात उंच नट!! पटतं का बघून?

आणि जिथे कॉम्प्युटर वापरलाय तिथे अंगठीच्या हावेने पार बिघडलेल्या गॉलमसारखं पात्र उभं केलंय, त्यामागे अँडी सर्किसचा अभिनय आहे म्हणूनच त्याची कीवही येते आणि किळसही. पुढे याच दिग्दर्शकाने, पीटर जॅक्सनने, 2012 ते 2014 मध्ये एका छोट्या पुस्तकाचे हॉबिटचे तीन भाग केले, तिथे मुख्य ऑर्कच (शत्रूकडचे राक्षसी सैनिक) डिजिटल आहेत आणि मला तरी त्यांची भीती वाटलीच नाही.

खटकलेलं पण सांगते. दुसऱ्या भागात चालत्या-बोलत्या झाडांचा ट्रॅक रेंगाळतो, बायकांना काम फार कमी (लढायला उतरणारी एओविन आहे म्हणून निभावतं), आणि तिसऱ्याचा शेवट संपला वाटतो तेव्हा संपत नाही. पण तो लांबलेला शेवट मला हवाच आहे, कारण आधी जे झालंय ते साधं नाही, अंगठी घेऊन एवढं चालून गेलेला हॉबिट फ्रोडो ऐन वेळी अंगठी टाकायला नकार देतो!! हिरो हरतो, अंगठी जाते ती गॉलमच्या हावेपायी. एवढी मोठी सिरीज आणि इतका कडू शेवट, तरी तिसऱ्या भागाने शंभर कोटी डॉलरच्या वर धंदा केला आणि 11 नॉमिनेशनपैकी 11 ऑस्कर घेतले, बेस्ट पिक्चरसकट.

माझा सगळ्यात आवडता सीन तर त्यानंतरचा. चौघं हॉबिट गावी परततात, दारूच्या गुत्त्यात बसतात, आजूबाजूचे लोक एका मोठ्या भोपळ्याचं कौतुक करतायत आणि हे चौघं नुसते एकमेकांकडे बघतात, बोलत काहीच नाहीत.

पहिल्यांदा बघणार असाल तर थिएटरवालंच व्हर्जन बघा, एक्स्टेंडेड, म्हणजे जास्तीचे सीन असलेलं लांब व्हर्जन, नंतर. आणि सलग नको, रात्री एकच भाग.