कांगारू कक्षाच्या परिचारिका उत्तम, खुर्च्या मात्र दोनच

ऐन जानेवारीत, निफाडचा पारा किती उतरला याच्या बातम्या रोज येत असताना, माझी मुलगी ३२व्या आठवड्यातच जन्मली. वजन १४५० ग्रॅम. नाशिकमधील ज्या खासगी रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागात ती २३ दिवस होती, तेथील कांगारू कक्षाविषयी, म्हणजे कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवतात त्या खोलीविषयी, हा अभिप्राय आहे. त्यात तक्रारही असल्याने नाव लिहीत नाही.

परिचारिकांना पैकीच्या पैकी गुण. पाचव्या दिवशी सिस्टरांनी मला मंगळसूत्र काढून ठेवायला सांगितले, पुढून उघडणारा गाऊन दिला आणि टोपी, मोजे व लंगोट एवढ्यावरच असलेले बाळ माझ्या उघड्या छातीवर उभे ठेवले. पाय बेडकासारखे दुमडलेले, डोके एका बाजूला वळवलेले आणि मान किंचित वर, कारण ती पुढे झुकली तर श्वासाची वाट दबते. वरून सुती पट्टा बांधला. तिच्या पावलाला लावलेल्या तारेचा लाल दिवा गाऊनमधून मंद दिसत होता. मी मॉनिटरवरच डोळे लावून बसले होते, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "ताई, आकडे आम्ही बघतो, तुम्ही बाळाकडे बघा."

तक्रार आहे ती वेळेची. इनक्युबेटर अपुरे पडत म्हणून १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झालेली ही पद्धत आता नाइलाज म्हणून नव्हे, उपचार म्हणूनच दिली जाते. जन्मानंतर शक्य तितक्या लवकर सुरू करून ती दिवसाला ८ ते २४ तास द्यावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ची शिफारस आहे. येथे पाच मातांसाठी रेलून बसता येईल अशा खुर्च्या दोनच, त्यामुळे माझ्या वाट्याला दिवसाकाठी जेमतेम तीन तास येत. वडीलही बाळाला असे छातीवर घेऊ शकतात, हे कक्षातील तक्त्यावर चित्रासह छापलेले आहे. माझ्या पतींना मात्र पुरुषांना प्रवेश नाही म्हणून दारातूनच परत पाठवले. तो तक्ता निदान दाराबाहेर तरी लावलेला नव्हता, एवढेच समाधान.

सुट्टी मिळण्याच्या दिवशी सासूबाईंनी घरी शेक-शेगडीची तयारी करून ठेवली होती. धूर बाळाला सोसणार नाही हे सिस्टरांनी त्यांना न दुखावता समजावले आणि पट्टा बांधणे त्यांच्याकडूनच दोनदा करवून घेतले. आता बाळ १९०० ग्रॅमचे झाले आहे. दुपारी मी जेवायला बसले की सासूबाई तिला पदराआड छातीशी घेतात, आणि दाराची बेल वाजली तरी उठत नाहीत.