परदेशातील तातडीच्या उपचारांसाठी पैसा: लोकवर्गणी, ट्रस्ट, सरकारी निधी की कर्ज?

परदेशी रुग्णालयाचे अंदाजपत्रक हाती पडले की घरातील प्रत्येक जण वेगळ्या दिशेला धावतो. कोणी मंत्रालयात ओळख शोधतो, कोणी ट्रस्टचे अर्ज आणतो, तर कोणी व्हॉट्सॲपवर आवाहन फिरवतो. मार्ग सगळेच खरे आहेत, पण हाताशी दिवस मोजके असताना कोणता मार्ग कोणत्या खर्चाला उपयोगी पडतो, हे आधी ठरवलेले बरे.

त्याहीआधी एक प्रश्न तज्ज्ञाला थेट विचारावा: उपचार इथे होऊ शकतात का? रक्ताच्या काही कर्करोगांवरील कार-टी उपचारासाठी (यात रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून कर्करोगाविरुद्ध वापरतात) पूर्वी रुग्णाला परदेशी नेण्यावाचून फारसा पर्याय नव्हता. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या प्रयत्नांतून साकारलेल्या नेक्सकार१९ या उपचाराला २०२३मध्ये भारतात मान्यता मिळाली आणि खर्च अमेरिकेच्या तुलनेत कितीतरी खाली आला. २०२१मध्ये मुंबईतील एका बाळासाठी सुमारे १६ कोटींचे जनुकीय औषधच इथे मागवण्यात आले आणि केंद्राने त्यावरील कोट्यवधींचा कर माफ केला.

जावेच लागणार असेल, तर सरकारी निधीची वाट पाहत दिवस घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कुटुंबामागे वार्षिक ५ लाखांचे संरक्षण, मुख्यमंत्री सहायता निधी किंवा दुर्मिळ आजारांच्या २०२१च्या राष्ट्रीय धोरणातील ५० लाखांपर्यंतची मदत, हे सारे देशातील ठरवून दिलेल्या रुग्णालयांशी बांधलेले आहे. निघण्यापूर्वीच्या तपासण्या आणि परतल्यानंतरचे उपचार यांसाठी मात्र त्यांचा जरूर विचार करावा.

ट्रस्टची गोष्टही बरीचशी तशीच आहे. धनादेश सहसा रुग्णालयाच्या नावे निघतो, अर्ज समितीपुढे जातो, आणि धर्मादाय संस्थेने आपले उत्पन्न भारताबाहेर खर्च केल्यास विशेष मंजुरीशिवाय त्यावर करसवलत मिळत नाही. त्यामुळे नकार आला, तर तो आपल्या रुग्णाविषयीची अनास्था समजू नये.

मोठी रक्कम उभी राहण्याची शक्यता राहते ती लोकवर्गणीतून. मिलाप, केटो, इम्पॅक्टगुरू यांसारख्या ऑनलाइन मंचांवर आवाहन लवकर सुरू होते, पण पहिले पैसे अनोळखी लोकांकडून क्वचितच येतात. ते शाळेचे वर्गमित्र, सोसायटी आणि कार्यालयातील सहकारी यांच्याकडून येतात, आणि तो आकडा दिसल्यावरच बाकीचे विश्वास ठेवतात. लेटरहेडवरील अंदाजपत्रक आणि डॉक्टरांचे सही-शिक्क्याचे पत्र आवाहनासोबत हवेच. पैसा थेट रुग्णालयाकडे जाईल अशी व्यवस्था शक्यतो मागावी, कारण नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात ५० हजारांहून अधिक रक्कम वैयक्तिक खात्यात आली, तर ती करपात्र ठरू शकते. मंचाचे शुल्क किती, हेही आधी लेखी घ्यावे.

कर्ज नकोसे वाटते, पण वेगाच्या बाबतीत त्याला तोड नाही. आमच्या घरी आईच्या पाटल्या आणि गोफ सकाळी तराजूत ठेवले गेले आणि दुपारच्या आत रक्कम खात्यात होती; अनामत त्याच दिवशी भरली गेली, म्हणून शस्त्रक्रियेची तारीख हातची गेली नाही. मात्र घर गहाण ठेवण्याची घाई मी कोणालाही सुचवणार नाही.

म्हणून माझा कौल असा: अनामतीपुरते सोनेतारण किंवा आप्तांची उसनवारी, त्याच दिवशी लोकवर्गणीची सुरुवात, आणि इथल्या खर्चासाठी ट्रस्ट व सरकारी निधी. बँकेतून परदेशी पैसे पाठवताना एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरची मर्यादा असते. उपचारासाठी रुग्णालयाच्या अंदाजपत्रकाच्या आधारे ती ओलांडता येते. १० लाखांवरील रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतला जाणारा कर, कापते. तो पुढे विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर अडकून राहतो, म्हणून उद्दिष्टाच्या आकड्यात तो धरावा. सोबत जाणाऱ्याचे राहणे-जेवणही धरावे. आणि रक्कम उरली, किंवा रुग्णच उरला नाही, तर वर्गणीचे काय होईल, हे आवाहनातच दोन ओळींत लिहून टाकावे. त्या प्रसंगी ते लिहिण्याचे बळ कोणातच नसते.