फिशमील नसलेलं सोयाबीनचं मत्स्यखाद्य: अख्ख्या हंगामाचा अनुभव

उमरेडकडच्या शेततळ्यात गेल्या पावसाळ्यात रोहू, कटला, मृगळची बोटुकली सोडली, तेव्हापासून सोयाबीन पेंडीचं तरंगतं खाद्य देतोय. फिशमील (सुक्या माशांची भुकटी) अजिबात नाही, पोत्यावर प्रथिनं २८ टक्के. आता मासळी विकून झाली, म्हणून लिहितोय.

रोहू-कटल्यासाठी बिनधास्त घ्या. या जाती मांसाहारी नाहीत, वनस्पतीची प्रथिनं त्यांना छान पचतात. शेजारच्या तळ्यात फिशमीलचं खाद्य होतं. वाढीत डोळ्यांना दिसेल असा फरक नव्हता. मरळ पाळणाऱ्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये.

घेताना दोन गोष्टी विचाराच. सोयाबीनमध्ये मेथिओनिन हे गरजेचं अमिनो आम्ल कमी असतं, ते वरून घातलंय का? आणि पेंड नीट भाजलीय का? कच्च्या सोयाबीनमधला ट्रिप्सिन रोधक प्रथिनं पचू देत नाही, तो उष्णतेनंच जातो. मध्यंतरी दुसऱ्या कंपनीचा माल आला. गोळ्या दिसायला तशाच, पण मासे तोंडात घेत आणि लगेच सोडून देत. अर्ध्या तासानंही काठाला फुगलेल्या गोळ्यांचा पट्टा! पेंड पुरेशी भाजलीय का ते दाखवणाऱ्या युरिएज चाचणीचा रिपोर्ट मागितला, तो आलाच नाही. पोती परत केली.

खरी डोकेदुखी पाण्याची. सोयाबीनमधला बराचसा फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो. माशाला तो पचत नाही, विष्ठेतून तळ्यात उतरतो आणि शेवाळाला खत मिळतं. मार्चमध्ये ऊन तापलं आणि पाणी गर्द हिरवं झालं. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं, रात्री तोच ओढतं. पहाटे मासे वर येऊन धापा टाकायचे. खाद्य निम्म्यावर आणलं, पहाटेपर्यंत एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालू ठेवला, थोडं पाणी बदललं आणि फायटेट फोडणारं फायटेज एन्झाइम घातलेलं खाद्य सुरू केलं. हिरवेपणा उतरला. पाणीही बदललं होतं, त्यामुळे सगळं श्रेय फायटेजला देत नाही, पण आता त्याशिवाय पोतं घेणार नाही.

डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मासे कमीच खातात, तो दोष खाद्याचा नाही.

चवीबद्दल बरेच जण विचारतात. मातीचा वास येतो तो सोयाबीनचा नाही, शेवाळलेल्या पाण्याचा. आम्ही विकण्याआधी मासळी दोन-तीन दिवस स्वच्छ पाण्यात उपाशी ठेवली. वासाची तक्रार एकाही गिऱ्हाइकानं केली नाही.