मिक्सरचा नॉब फुटला: सुपरग्लू-सोडा की इपॉक्सी पुट्टी?

नॉब बहुधा आतून, दांडीच्या खोबणीपाशी चिरतो. सगळा पीळ तिथेच येतो.

सुपरग्लूवर खाण्याचा सोडा भुरभुरला की काही सेकंदांत कडक होतो. पण ठिसूळ! पीळ बसला की पुन्हा तडकतो. वाफ नाकात जाऊ देऊ नका.

इपॉक्सी पुट्टी म्हणजे दोन भाग मळून लावायचा, नंतर घट्ट होणारा लगदा. तिला धीर लागतो. प्लग काढा, खोबण खरवडा. दोन्ही भाग समान घेऊन रंग एकसारखा होईपर्यंत मळा. कमी मळली तर आत मऊच राहते. ती खोबणीत भरा, दांडीला ग्रीसचा हात फिरवून त्यावर नॉब दाबा, पुट्टी आवळू लागताच अलगद ओढून काढा. मग २४ तास वापरू नका.

पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकला सुपरग्लू आणि पुट्टी दोन्ही नीट धरत नाहीत.

फिरवायच्या भागाला पुट्टीच. बाहेरच्या आवरणाची चीर लगेच बुजवायची असेल तर सुपरग्लू.