दोन दिवस असतील तर अलिबाग, चार असतील तर मालवण

शनिवार-रविवारच्या सुट्टीत मालवण बसत नाही. मुंबईहून कोकणकन्या एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून सकाळी कुडाळला उतरायचं, तिथून तीसेक किलोमीटर एसटी किंवा रिक्षाने मालवण. येण्या-जाण्यातच दोन रात्री गेल्या. तीन मुक्काम जमत नसतील तर हा बेत धरूच नये. अलिबागचं तसं नाही. गेटवेहून बोटीने तासाभरात मांडवा, आणि बहुतेक बोटींच्या तिकिटातच अलिबागपर्यंतची बस येते. गाडी न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्यावरून गाड्या नेणारी रो-रो बोट. फक्त रविवारी संध्याकाळच्या परतीचं तिकीट जातानाच काढून ठेवा. शेवटची बोट चुकली तर पेण-वडखळच्या रस्त्याने शंभरेक किलोमीटर रखडत यावं लागतं.

अलिबागला जाणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे तारीख सुट्टी बघून ठरवणं. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, म्हणून आधी तिथी बघावी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते: चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि साधारण नऊला ओहोटी. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं. पाणी लांब ओसरतं खरं, पण भरदुपारी किल्ला पाण्याने वेढलेला असतो. अष्टमीला दुपारी ओहोटी येते, पण भांगाची, म्हणजे कमी चढउताराची, त्यामुळे पाणी पुरतं हटत नाही. तृतीया ते पंचमीची सकाळ उत्तम. ओहोटीच्या तासभर आधी निघावं आणि पाणी फिरल्यावर रेंगाळू नये, कारण ते समोरून येताना दिसतं तसं बाजूच्या सखल वाळूतूनही शिरतं. हा हिशेब अंदाजाचा. उतरण्याआधी किनाऱ्यावरच्या टांगेवाल्याला विचाराच.

मुरुड-जंजिरा त्याच दिवसात कोंबू नका. अलिबागहून पन्नासेक किलोमीटर, वर राजपुरीला होडीची रांग, आणि किल्ल्यात होडी थांबेल तेवढाच वेळ. कलालबांगडी तोफेपाशी फोटो काढून परत फिरणं ही त्या किल्ल्याची उपेक्षा आहे. एक रात्र मुरुडला राहिलात तर समोरचा, महाराजांनी उभारलेला पद्मदुर्गही निदान किनाऱ्यावरून नीट न्याहाळता येतो.

किल्ला हेच मुख्य कारण असेल तर आमचा कौल मालवणला. सिंधुदुर्गाची पायाभरणी 25 नोव्हेंबर 1664 ची. कुरटे बेटावर जवळपास 48 एकरांचा पसारा. बुरुजांच्या आड वळवून घेतलेला दरवाजा होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आत चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाता-पायाचे ठसे, राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वर मंदिर आणि चहूबाजूंनी खारं पाणी असताना गोड्या पाण्याच्या तीन विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. तटावरून पूर्ण फेरी मारायची तर सकाळची पहिली होडी धरा. अकरानंतर दगड तापतो. 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग दोन्ही आहेत. अलिबागकडचा त्या यादीतला किल्ला म्हणजे थळसमोरचा खांदेरी. कुलाबा आणि जंजिरा त्यात नाहीत. तिसरा दिवस देवबागला द्या, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते.

खाण्यात मालवण उजवं, सोलकढी आणि तिसऱ्यांसाठीच (तिसऱ्या म्हणजे शिंपल्या). अलिबागहून मात्र उन्हाळ्याच्या तोंडाला पांढऱ्या कांद्याची वेणी आणायला विसरू नका. पात सुकवून विणलेली, कांदे घट्ट आणि चवीला गोडसर असलेली बघून घ्या.

जून ते ऑगस्टमध्ये जंजिरा आणि सिंधुदुर्ग दोन्हीकडच्या होड्या बंद असतात, गेटवेच्या बोटीही. मासेमारीही जून-जुलैत थांबते, त्यामुळे ताज्या सुरमईची आशा धरू नका. मालवण ठरलं तर दिवाळी आणि मे महिन्याची कुडाळची तिकिटं साठ दिवस आधी, आरक्षण उघडतं त्याच सकाळी काढावी लागतात.