गेमर बनवणारे जुने गेम्स आज परत खेळून बघितले, त्याचा रिव्ह्यू

सध्या नवीन गेम्स बाजूला ठेवून जुने काढलेत खेळायला, म्हणजे तेच ज्यांच्यामुळे हा नाद लागला. ग्राफिक्सला मार्क देणार नाहीये, आठवणींना तर अजिबातच नाही. बघायचं एवढंच की ज्याने कधी कंट्रोलर हातात धरला नाही त्याला आज हा गेम दिला तर मेल्यावर तो "थांब थांब, अजून एकदा" म्हणेल का? माझ्या मते गेमर तिथेच तयार होतो, जिंकल्यावर नाही. आणि "अजून एकदा" तेव्हाच तोंडातून येतं जेव्हा कशामुळे मेलो हे त्याच क्षणी कळतं. गेमने फसवलं असं वाटलं की माणूस उठून जातो, विषय संपला.

या हिशोबाने सुपर मारिओ ब्रदर्स (१९८५) आजही पहिल्या नंबरवर. याच्या पहिल्या लेव्हलवर इतकं बोललं गेलंय की नवीन काय सांगणार, तरी यावेळी मुद्दाम हळूहळू खेळलो आणि परत थक्क झालो. मारिओ डाव्या कडेला उभा, उजवीकडे सगळं मोकळं, त्यामुळे कुठे जायचं हे कोणी सांगावं लागत नाही. थोडं पुढे गेलं की गुम्बा नावाचा छोटा शत्रू समोरून चालत येतो आणि काहीच केलं नाही तर मेलात, पण सुरुवातच असल्याने गमावलं काहीच नाही. मग उडी मारून बघता, उडी मारता मारता डोकं प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्याला लागतं, नाणं निघतं, बरं वाटतं, म्हणून दुसऱ्यालाही डोकं मारता तर त्यातून मशरूम बाहेर येतो. आता खरी गंमत, हा मशरूम दिसायला थोडाफार त्या गुम्बासारखाच, म्हणजे नवा माणूस घाबरून पळणारच, पण तो उजवीकडे जाऊन पाइपला आपटतो आणि उलटा फिरून तुमच्याकडेच येतो, आणि वर ठोकळे असल्यामुळे उडी मारून चुकवायचं म्हटलं तरी नीट जमत नाही. जबरदस्तीने बक्षीस गळ्यात मारलंय! गेम बनवणाऱ्या मियामोतोने हे सगळं ठरवून केलंय, मुलाखतींमध्ये स्वतः समजावून सांगितलंय त्याने. एक अक्षर न लिहिता अख्खा गेम शिकवून टाकला, आणि आजचे गेम्स बघा, पहिला अर्धा तास नुसते "हे बटण दाबा, ते बटण दाबा" चे डबे स्क्रीनवर.

आणि हा सगळा गेम फक्त ४० केबीत. फॉरवर्ड होऊन आलेला एखादा फोटोसुद्धा याहून जड असतो. जागा वाचवायला आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपं एकाच चित्राची केलीत, नुसता रंग बदललाय. एकदा हे कळलं की परत ते ढग नुसते ढग म्हणून बघता येत नाहीत, सॉरी.

तक्रारी आहेत. सेव्ह नाही, स्क्रीन मागे जात नाही त्यामुळे सुटलेलं नाणं सुटलंच, आणि आठव्या वर्ल्डमधले ते हातोडे फेकणारे भाऊ, त्यांना कसली शिस्तच नाही, कधी कुठे उडी मारतील काही नेम नाही. तिथे माझा नियम थोडा मोडतो, कारण तिथे मेलो की शिवी गेमलाच जाते. तरी ९/१०.

कॉन्ट्रा मात्र एकट्याने खेळू नका, दुसरा माणूस असेल तरच. मी दादाबरोबर खेळायचो आणि आत्ताही त्यालाच बसवलं. एक गोळी लागली की एक लाइफ गेली, आणि लाइफ तीनच. सगळी भांडणं S वरून, म्हणजे ती पंख्यासारखी पसरणाऱ्या गोळ्यांची बंदूक, ती मिळाली की माणूस राजा आणि मेला की ती गेली. त्यात धबधब्याची लेव्हल म्हणजे मैत्री तोडायचं मशीन, वरचा उड्या मारत पुढे गेला की स्क्रीन वर सरकते आणि खाली राहिलेला फुकटात मरतो. दादाने आजही तेच केलं, वर म्हणे "तू स्लो आहेस". तीस लाइफचा कोड बोटांना अजून पाठ आहे, वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए. हा कोड मुळात कॉन्ट्रासाठी बनलेलाच नाही, १९८६ च्या ग्रेडियस या दुसऱ्याच गेमचं होम व्हर्जन बनवताना ते बनवणाऱ्या काझुहिसा हाशिमोतोला स्वतःलाच तो गेम टेस्टिंगसाठी जड जात होता म्हणून त्याने टाकला आणि तो तसाच आत राहून गेला. बनवणाऱ्यालाच जमत नव्हतं हे ऐकून किती बरं वाटतं! कोड वापरला की चीटिंग म्हणणारे असतात, त्यांना म्हणावं आधी कोडशिवाय शेवटपर्यंत जाऊन दाखवा.

प्रिन्स ऑफ पर्शिया (१९८९). आजच्या माणसाला हा सगळ्यात जास्त छळेल. बटण दाबलं की लगेच उडी नाही, आधी राजपुत्र अंग सावरतो, मग पाय उचलतो, मग उडी. पहिल्यांदा वाटतं कंट्रोल्स खराब आहेत. पण गेम बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पळायला आणि उड्या मारायला लावून त्याचं व्हिडिओ शूटिंग केलं आणि त्यावरून एकेक फ्रेम काढली, त्यामुळे ते शरीर खऱ्या माणसासारखं जड आहे आणि जड शरीराला वेळ लागतोच. हे एकदा पचलं की पावलं मोजायची सवय लागते. दोन पावलं मागे, पळत सुटायचं, कडेला उडी, समोरचा कठडा पकडून लटकायचं, खाली सुळे. हलणारी फरशी ओळखायची. आणि वर ६० मिनिटांचं घड्याळ, मेलं की लेव्हल पहिल्यापासून पण गेलेली मिनिटं परत नाहीत, हा निर्दयीपणा मला जाम आवडतो.

पुढचं वाचू नका खेळायचा असेल तर. चौथ्या लेव्हलला वाटेत आरसा उभा राहतो, पळत जाऊन त्यातून उडी मारायची आणि तुमचीच सावली दुसऱ्या बाजूने बाहेर पडून पळून जाते. मग ती पुढे कधी तुमच्या आधी औषध पिऊन टाकते, कधी तोंडावर दार बंद करते. शेवटी समोरासमोर येता तेव्हा तिला तलवार मारली की जखम तुम्हालाच. तलवार म्यान करून सरळ तिच्या अंगात शिरायचं, बस. ज्यांना हे कोणी न सांगता सुचलं त्यांना माझा दंडवत. भारी गोष्ट म्हणजे ही कल्पना मेमरी कमी पडली म्हणून आली, अ‍ॅपल टू या तेव्हाच्या कॉम्प्युटरवर नवीन शत्रूची चित्रं ठेवायला जागाच नव्हती, मग हिरोचीच चित्रं वेगळ्या पद्धतीने दाखवून शत्रू केला. ८/१०, एक मार्क तलवारबाजीचा कापला कारण ती नंतर नंतर नुसती ब्लॉक-मार-ब्लॉक-मार होते, आणि एक त्या सुरुवातीच्या चिडचिडीचा.

जीटीए व्हाइस सिटी (२००२) बद्दल लिहिलं की लोक मारायला येणार, या! शहर अजून मस्त आहे, १९८६ सालचे ते गुलाबी निऑन, गाडीत बसलं की रेडिओ, पावसात बाइक, यात काही वाद नाही. पण मिशन्स परत खेळून बघा राव. नेम धरणं वाईट, टॉमी पाण्यात पडला की मेला, हिरोला पोहता येत नाही समुद्रकाठच्या शहरात. आणि ते रिमोटच्या हेलिकॉप्टरने बिल्डिंगमध्ये बॉम्ब ठेवायचं मिशन, त्याने किती कीबोर्ड फुटले असतील देव जाणे. आपण बहुतेक सगळे panzer हा चीट कोड टाइप करून रणगाडा मागवून तासभर धुडगूस घालायचो आणि झोपायला जायचो. मजा प्रचंड, पण हरण्याची भीतीच नाही तर गेमर कसला होणार? फिरायला १०, खेळायला ५. नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेडचं (२००५) एका ओळीत सांगतो, रेस विसरा, पोलिस मागे लागले की तोच खरा गेम, आजही.

काउंटर-स्ट्राइक १.६, म्हणजे दोन टीमच्या गोळीबाराचा गेम, सुरू केला आणि डस्ट टू या मॅपवर पहिल्याच राउंडला लाँग नावाच्या लांब वाटेच्या दरवाजात एडब्ल्यूपी या स्नायपर बंदुकीची गोळी खाल्ली. मेलं की राउंड संपेपर्यंत बसून बघायचं, आणि खरी शिकवणी तीच आहे, कारण उरलेला एकजण शिफ्ट दाबून आवाज न करता कसा चालतो, कोपरा कसा बघतो, हे दुसरं काही करायलाच नसल्यामुळे नीट बघितलं जातं. सुरुवातीला ८०० डॉलर, मेलात तर बंदूकही गेली, म्हणून हरलेल्या राउंडनंतर पैसे वाचवायचे की उधळायचे यावर पूर्ण टीमची बोंबाबोंब. एके-४७ ने सरळ गोळ्यांचा पाऊस पाडणाऱ्याला काही लागत नाही, दोन-तीन गोळ्या मारून थांबायचं हे कळायला बराच मार खावा लागतो. मूळचा हा हाफ-लाइफ या दुसऱ्या गेमवर दोन पोरांनी बनवलेला मोड, म्हणजे त्याच गेममध्ये बदल करून केलेला, १९९९ चा, हे आज खरं वाटत नाही. मित्र एका खोलीत असतील तर १०, अनोळखी सर्व्हरवर ६, तिथे बारकी पोरं जे काय बोलतात ते इथे लिहिता येणार नाही.

राहिला एज ऑफ एम्पायर्स टू (१९९९), गाव वसवून सैन्य उभं करायचा गेम. २०१९ ची डेफिनिटिव्ह एडिशन घ्या, चित्रं स्वच्छ झालीत आणि गेम तोच आहे. यातली हार सगळ्यात उशिरा कळते, कारण चाळिसाव्या मिनिटाला शत्रू दारात येतो पण तुम्ही हरलेले असता पाचव्या मिनिटाला, जेव्हा टाउन सेंटर, म्हणजे गावकरी बनवणारी मुख्य इमारत, रिकामं बसलं होतं आणि गावकरी बनवायचे राहून गेले होते. रेकॉर्डिंग लावून बघितलं की दिसतं. नवीन असाल तर आधी विल्यम वॉलेसचं कॅम्पेन करा, सात छोट्या मोहिमा आहेत, चालणं, लाकूड तोडणं, भिंत बांधणं सगळं शिकवतात. लगेच ऑनलाइन रँक्डला जाऊ नका, तिथे लोक कीबोर्डचे शॉर्टकट न बघता बोटांनी वाजवतात आणि तुम्ही अजून मेंढ्या शोधत असता तेव्हा त्यांचे घोडेस्वार तुमच्या लाकूडतोड्यांवर पोचलेले असतात.