ग्रँड व्हिटारा: हायब्रिड घ्यावी की ऑलग्रिप?

मारुती सुझुकीच्या या एसयूव्हीचे कंपनीचे आकडे पाहिले तर स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची मोटर) लिटरला २७.९७ किमी देते आणि ऑलग्रिप (चारही चाकांना जोर देणारी) सुमारे १९.३. म्हणजे हजार किलोमीटरमागे सुमारे १६ लिटर पेट्रोलचा फरक. प्रत्यक्षात दोन्ही आकडे खाली येतात. तरी शहरातल्या रखडत्या ट्रॅफिकमध्ये हायब्रिडला तोड नाही, कारण ब्रेक लावला की बॅटरी भरते आणि इंजिन वारंवार बंद राहतं.

घाटात गणित बदलतं. बॅटरी अवघी ०.७६ किलोवॅट-अवरची. लांब चढावर ती लवकर उतरते, मग तीन सिलिंडरचं इंजिन ओरडायला लागतं. उतारावर ती पटकन भरते. ती भरली की ब्रेकचा भार वाढतो. तेव्हा गिअर 'बी'वर घ्या, म्हणजे इंजिनच गाडी रोखून धरतं आणि ब्रेक तापणार नाहीत.

खरी अडचण चिखलात. हायब्रिडची फक्त पुढची चाकं ओढतात. भरलेली गाडी ओल्या चढावर उभी राहिली की वजन मागे जातं आणि पुढची चाकं जागीच फिरतात. ऑलग्रिपमध्ये 'लॉक' मोड मागच्या चाकांनाही जोर देतो. तो चिखलात शिरण्याआधी लावायचा, रुतल्यावर नव्हे. मात्र लो-रेंज (अवघड जागी संथ वेगात जास्त जोर देणारा गिअर) नाही आणि चाकं फार वेळ घसरत ठेवली तर मागच्या चाकांना जोर पोचवणारं कपलिंग तापतं. मारुतीच्याच जिमनी या ऑफ-रोड गाडीची कामं तिच्याकडून मागू नयेत.

डिकी हायब्रिडची लहान, बॅटरीमुळे.

गडाच्या पायथ्याची कच्ची वाट पावसाळ्यात दोन-चारदाच लागत असेल तर हायब्रिड घ्या, गाडी डांबरावर लावा आणि पुढे चाला. शेतावर रोज जायचं असेल तर ऑलग्रिपच, आणि टायर बदलण्याचे पैसे बाजूला ठेवा. मूळ टायर डांबरासाठीच आहेत.